मुक्कामाची चिठ्ठी

“वापरलेलं होतं ते, आई. दुसऱ्या कुणी नाही, तुम्हीच वापरलेलं.”

स्नेहल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सातवा महिना सरत आला होता, त्यामुळे फार वेळ उभी राहिली की तिचा एक हात आपोआप चौकटीला लागायचा. आत तिच्या सासूबाई, मधुवंती निकम, परातीत गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“मी जेवणाची चिठ्ठी वापरली आणि मालिशची वापरली. मुक्कामाच्या चिठ्ठीला हातसुद्धा लावला नव्हता. तीच दिली.”

“तिन्हींवर नंबर एकच होता.”

“ते हॉटेलवाल्यांनी बघायचं.”

“बघितलं की त्यांनी. म्हणून तर माझ्या आई-अप्पांना पाऊण तास बाकड्यावर बसवून परत पाठवलं. अप्पा पाळी बुडवून गेलेले. आईनं शेजारणीकडनं बॅग मागून घेतलेली, चाकांची. ती बॅग ओढत दोघं परत यष्टीला आली.”

“कुणी सांगितलं तुला?”

“सोनमनं. तिला शपथ घातली होती दोघांनी, ताईला सांगायचं नाही म्हणून.”

“मग धाकट्या बहिणीनं शपथ मोडली म्हणायची,” मधुवंतीबाई म्हणाल्या. “चांगलं वळण आहे.”

बाहेरच्या खोलीत अण्णांनी पेपरचं पान उलटलं. ते मधुवंतीबाईंचे यजमान, निवृत्त मास्तर. भांडण ऐकू येत असलं की पान उलटण्याचा आवाज ते जरा जास्तच करत.

“अगं, जाऊन ये की कबनूरला व्याह्यांकडं,” ते आतल्या बाजूला बघून म्हणाले. “दोन शब्द बोललीस तर काय झिजतं?”

“मालिश कुणी करून घेतली?” मधुवंतीबाईंनी विचारलं. “तासभर. घोरत होतात तुम्ही. मग गप बसा.”

अण्णांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. त्यांचा मुलगा, स्नेहलचा नवरा मोहित, गॅलरीत मोबाईल घेऊन उभा होता. तो आत आला नाही.

स्नेहलनं आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर मधुवंतीबाईंना सोपं गेलं असतं. चढलेल्या आवाजाला कसं उत्तर द्यायचं ते त्यांना येत होतं. ही मुलगी शाहूपुरीतल्या औषधाच्या दुकानात दिवसभर गोळ्या कशा घ्यायच्या ते लोकांना सांगायची, त्याच आवाजात बोलत होती.

“मी पहिल्या बाळंतपणाला कबनूरला जाणार, हे ठरलेलंच आहे,” ती म्हणाली. “पुढच्या आठवड्यात जाते. तुम्ही तिथं जाऊन अप्पांसमोर सांगा, की चूक माझी होती. नाही सांगितलं, तर बाळाला घेऊन परत कधी यायचं ते मी तिथं बसून ठरवीन. नोकरी काय, इचलकरंजीतपण मिळते मला.”

मधुवंतीबाईंच्या हातातली शेंग मोडायची राहिली.

\*

मधुवंतीबाईंनी ग्राहक भांडारात एकतीस वर्षं काउंटर सांभाळलं. साखरेचं कुपन, तेलाचं कुपन, दिवाळीच्या रव्या-मैद्याचं कुपन. सभासद वही पुढे करायचा, बाई पट्टी लावून एक कुपन फाडायच्या, उरलेली वही परत द्यायच्या. साखर नेली म्हणून तेलाचं कुपन बाद झालं, असं त्या एकतीस वर्षांत एकदाही झालं नाही. कुठल्या कुपनावर काय चालतं, कुठलं मुदत संपल्यावरसुद्धा चार दिवस खपवून घेतलं जातं आणि कुठल्या साहेबाची सही लागते, हे त्यांच्या बोटांना माहीत असायचं.

निवृत्तीनंतर ही विद्या वाया जाईल असं वाटलं होतं. पण लोकांनी एकमेकांना वस्तू द्यायचं कमी केलं आणि व्हाऊचर द्यायला सुरुवात केली. वाढदिवसाला ब्यूटी पार्लर, साठीला फोटो स्टुडिओ, लग्नाच्या वाढदिवसाला तलावाकाठी जेवण. पाकीट घरात आलं की गल्लीतल्या बायका ते घेऊन मधुवंतीबाईंकडे यायच्या, आणि बाई चष्मा लावून सगळ्यात खालची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचायच्या.

“शनिवार-रविवारी जाऊ नका, मंगळवारी जा. शनिवारी तुम्हाला खांबाच्या मागं बसवतील,” त्या सांगायच्या. “आठ दिवस आधी फोन करा आणि फोन घेणाऱ्याचं नाव विचारून ठेवा. पाण्याची बाटली टेबलावर आणून ठेवतील, ती फोडू नका, ती पाकिटात नसते. सूप पिऊ नका, पोट भरतं. आणि पार्लरमध्ये ती पोरगी म्हणेल, मॅडम, वर थोडे घालून अमुक करून घ्या. घ्यायचं नाही. पाकिटात आहे तेवढं करायचं आणि उठायचं.”

बायका हसायच्या, पण सांगितल्याप्रमाणे करायच्या. शेजारच्या उदयसिंहांच्या घरी आलेलं पोहण्याच्या तलावाचं व्हाऊचर बाईंनी बदलून नाश्त्याचं करून दिलं, तेव्हापासून तर त्यांच्याकडे लांबलांबची माणसं येऊ लागली.

बाईंच्या बेडरूममध्ये एक लोखंडी कपाट होतं. त्याच्या खालच्या दोन कप्प्यांत देण्याघेण्यातलं सामान असे: ब्लाऊजपीस, टॉवेल-टोप्या, स्टीलचे डबे, हात न लावलेल्या साड्या. आलेला आहेर तिथं जायचा आणि तिथूनच दुसऱ्याकडे निघायचा. कुठली साडी कुणाकडून आली हे बाई कागदावर लिहीत नसत, डोक्यात असायचं. साताऱ्याची साडी साताऱ्याला कधी गेली नाही. त्यांचं एक पक्कं मत होतं: आहेराचा ब्लाऊजपीस कुणी शिवत नाही. तो फिरतो. त्याचं कापड कसं आहे, मापाला पुरतं का, याला अर्थ नाही; पुडी नीट दिसली पाहिजे आणि देताना चार माणसांनी बघितलं पाहिजे.

सुनेची निवडही त्यांनी अशीच चष्मा लावून केली होती. स्नेहलचे वडील बाळासो चौगले इचलकरंजीजवळ कबनूरला यंत्रमागावर कामाला, आई अंबूबाई मागाच्या सुताच्या कांड्या भरायला जायची. पण मुलगी औषधशास्त्र शिकलेली, कमावती आणि मान खाली घालून बोलणारी. “हुंडा नको, मानपान नको,” असं बाईंनी स्वतःहून सांगितलं आणि गल्लीत त्यांचं कौतुक झालं. दर महिन्याला पगार घरात येतो, त्यापुढे मानपान काय, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही.

\*

मोहितनं आईवडिलांच्या लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला ते पाकीट आणलं होतं. पन्हाळ्याच्या एका रिसॉर्टचं. जाड पुठ्ठ्याचा डबा, आत सोनेरी काठाच्या तीन चिठ्ठ्या: दोघांचं जेवण, दोघांना तेलमालिश, दोघांचा एक रात्र मुक्काम. किंमत दहा हजार, पण मोहितला ऑनलाईन निम्म्यात मिळालं होतं. मधुवंतीबाईंनी त्याला निम्म्याचा आकडा कुठं बोलू नकोस म्हणून सांगितलं.

मग त्या विचाराला बसल्या. जेवण स्वतःच खायला हवं, ते दुसऱ्याला देऊन पोट भरत नाही. मालिश अण्णांच्या गुडघ्याला बरी. पण मुक्काम? झोपायला घर आहे की. मुक्कामाची चिठ्ठी देण्याघेण्यात घातली तर तिथं ती पाच हजारांची होते, आणि पाच हजारांचा आहेर त्यांच्या घरातून आजवर कुणाला गेला नव्हता.

एप्रिलात एका मंगळवारी दोघं पन्हाळ्याला गेली. सकाळपासून चहावर होती. जेवण एवढं व्यवस्थित झालं, की अण्णांना मालिशच्या टेबलावर चढताना हात द्यावा लागला. बाईंनी परक्या पोरीला अंगाला हात लावू दिला नाही, पण सोडूनही दिलं नाही. खुर्चीत बसून फक्त पाय चोळून घेतले, तासभर, घड्याळ लावून.

निघताना काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, रूम तयार आहे, राहत नाही का?”

“आज नाही.”

“नंबर एकच असतोय मॅडम. मी जेवणाला मारला तेव्हाच कॉम्प्युटरवर सगळं पाकीट वापरलं म्हणून आलंय. नंतर नाही चालायचं. आजच राहा की.”

मधुवंतीबाईंनी तिच्याकडे बघितलं. काउंटरच्या मागच्या बाजूला त्यांनी एकतीस वर्षं काढली होती; काउंटरवरून लोकांना काय काय सांगितलं जातं ते त्यांना ठाऊक होतं. “बघू,” त्या म्हणाल्या आणि मुक्कामाची चिठ्ठी पर्समध्ये घातली.

मुलगी खोटं बोलत होती असं त्यांना खात्रीनं वाटलं का? तसंही नाही. परतीच्या यष्टीत त्यांनी चिठ्ठी दोनदा उलटून बघितली. तळाला, मुंगीच्या डोक्याएवढ्या अक्षरांत, सगळं एकाच भेटीत वापरावं असं छापलेलं होतं. त्यांनी ते वाचलं. घरी आल्यावर चिठ्ठी पुन्हा पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवली, डब्याला लाल फीत बांधली आणि डबा कपाटाच्या खालच्या कप्प्यात ब्लाऊजपीसांवर ठेवला.

मग अधिक महिना आला. कबनूरहून जावयाला धोंड्याचं वाण आलं. बाळासोंनी कर्ज काढलं होतं की नाही कोण जाणे, पण चांदीचं निरांजन आणलं, तेहतीस अनारसे आणले, मोहितला पँट-शर्टाचं कापड आणलं. अनारसे अंबूबाईंनी स्वतः केले होते. जाळी अशी पडली होती, की गल्लीतल्या बायकांनी हातात घेऊन उजेडात धरून बघितले. एवढं आल्यावर परत काय द्यायचं? बाईंनी एक साडी काढली, एक टॉवेल-टोपी काढली आणि सगळ्यांसमोर लाल फितीचा डबा बाळासोंच्या हातात ठेवला.

“दोघंच जाऊन राहून या पन्हाळ्याला,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. “दहा हजारांचं असतं.”

बाळासोंनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. पुढचे चार दिवस गल्लीत त्याच डब्याचं नाव होतं.

यंत्रमागावरचा माणूस कशाला पन्हाळ्याला जातोय राहायला, असं बाईंच्या मनात होतं. ट्रंकेत ठेवतील, मुदत संपेल, किंवा सोनमच्या लग्नात दुसऱ्या कुणाला देतील. फिरेल.

ती माणसं मात्र डबा घेऊन खरोखरच पन्हाळ्याला गेली.

\*

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुवंतीबाई इचलकरंजीच्या यष्टीत बसल्या. पिशवीत अर्धा किलो पेढे होते. काय बोलायचं ते त्यांनी रस्ताभर जुळवलं: हॉटेलवाल्यांचा घोळ, कॉम्प्युटरची चूक, मी त्यांना सोडणार नाही. ‘चूक माझी होती’ हे वाक्य त्यात कुठं बसत नव्हतं. पण नात किंवा नातू इचलकरंजीत वाढणार, औषधाच्या दुकानातला पगार तिकडे जाणार आणि गल्ली विचारणार, सून आली नाही का अजून, हे एकदा डोळ्यांसमोर आलं की वाक्य बसवावं लागेल असंही वाटत होतं.

कबनूरला रिक्षातून उतरल्या तेव्हा गल्लीभर मागांचा खडखडाट चालू होता. चौगल्यांची खोली एका शेडच्या पाठीला लागून होती; भिंत सारखी थरथरायची, मांडणीवरची भांडी बारीक वाजायची. बाळासो रात्रपाळी करून आले होते आणि चटईवर झोपले होते. विहीणबाईंना दारात बघितल्यावर अंबूबाईंनी नवऱ्याला पायानं हलवलं आणि शेजारून खुर्ची आणायला पळाल्या.

“या, या पावणं,” बाळासो उठून शर्ट अडकवत म्हणाले. बटणं चुकली. “येकट्याच आलासा? कळवायचं तरी.”

सोनम कॉलेजला गेली होती. खोली धुतलेली होती. माळ्यावरचं सामान उतरवून माळा रिकामा केलेला होता, आणि कोपऱ्यात दोरीचा जुना पाळणा तेलपाणी करून भिंतीला टेकवलेला होता. मांडणीवर डिंक, खारीक, अळीव यांच्या पुड्या एका डब्यावर रचून ठेवल्या होत्या. मधुवंतीबाईंनी हे सगळं खुर्चीत बसता बसता बघून घेतलं.

पोहे आले. चहा आला. बाईंनी तोंड उघडलं, “त्या पन्हाळ्याच्या बाबतीत...”

“आमचंच चुकलं बघा, विहीणबाई,” अंबूबाई लगेच म्हणाल्या. “तुमास्नी इच्यारून जायला पायजे हुतं. आमाला काय कळतंय त्यातलं. चिठ्ठी हातात हाय म्हंटल्यावर गेलो आपलं हुरळून.”

“सोनमनं सांगिटलं व्हय पोरीला?” बाळासो म्हणाले. “तिला बोलतो मी. उगंच तुमच्या घरात वाद.”

मधुवंतीबाईंनी जुळवलेलं सगळं वाक्यासकट तसंच राहिलं. इथं त्याची गरजच नव्हती. त्यांनी पोह्यांचा घास घेतला. हलकं वाटलं.

“त्या कॉम्पुटरवर तुमचं नाव आलं,” बाळासो सांगत होते. “मी म्हंटलं, व्हय की, आमच्या विहीणबाईच त्या. तर ती पोरगी म्हणाली, मग ज्यांनी इकत घेतलं त्यास्नी इच्यारते. तिच्याकडं जावयबापूंचा नंबर हुता. तिनं फोन लावला.”

“ऱ्हाऊ द्या की ते,” अंबूबाई म्हणाल्या.

“न्हाय, त्यास्नी म्हाईत असलेलं बरं. मोठ्यानं ऐकू येईल असा लावला हुता फोन. तिनं इच्यारलं, सर, चौगले म्हणून आलेत, तुमचे पावणं म्हणत्यात. तर हे म्हणाले, मी ओळखत नाही. कुणालाच दिलेलं नाही मी. वापरून झालंय ते, कुणाच्या हाताला लागलं असंल, तुमचं तुम्ही बघून घ्या.” बाळासोंनी गुडघ्यावरचा सुताचा धागा चिमटीनं काढला. “आवाज त्यांचाच. दहा-बारा माणसं हुती तिथं बॅगा घिऊन. मग एक वॉचमन आला आणि म्हणाला, चला काका.”

शेडमधला एक माग थांबला, दुसरे चालू राहिले. मधुवंतीबाईंनी चमचा बशीत ठेवला. आपला मुलगा काल गॅलरीत का उभा होता ते त्यांना कळलं.

“स्नेहलला हे सांगितलंय?” त्यांनी विचारलं.

“न्हाय,” अंबूबाई म्हणाल्या. “सोनमलाबी न्हाय. कशाला सांगायचं? तिला त्यांच्यासंगं जलम काढायचा हाय. पोटुशी हाय पोर. ऐकलं तर जायचीच न्हाय माघारी, मी वळखतो तिला.”

बाईंनी चमचा पुन्हा उचलला. समोर बसलेल्या या दोन माणसांना एक गोष्ट ठाऊक होती आणि ती बाहेर पडू नये म्हणून ती काहीही द्यायला तयार होती. काउंटरवर वही पुढे केली की बाईंची बोटं जशी आपोआप चालायची, तसं काहीतरी त्यांच्या डोक्यात सुरू झालं.

“खरं आहे तुमचं,” त्या मऊ आवाजात म्हणाल्या. “पण ती इथं येणार, तीन-चार महिने राहणार. खोली एवढी. तुम्ही दोघं कधी बोलायला बसला, तर हे निघणारच. सोनम एक गोष्ट पोटात ठेवू शकली नाही, बघितलंत की तुम्ही. आणि एकदा निघालं की मग माझ्या हातात काही नाही.”

अंबूबाईंचा हात पदराला गेला.

“आमी न्हाय बोलणार, विहीणबाई.”

“तुम्ही नाही बोलणार. पण तुमचा चेहरा बोलेल. मोहित बाळाला बघायला येईल, त्याला बघून तुमचे यजमान असेच गुडघ्यावरचे धागे काढत बसतील. ती काय आंधळी आहे? विचारेल.” बाईंनी बशी खाली ठेवली. “मी आपली पोरीच्या भल्याचं सांगते. बाळंतपण तिकडंच करू. दवाखाना जवळ आहे. तुम्ही बारशाला या, हवं तर दोन दिवस राहा.”

अंबूबाईंनी चहाचे कप गोळा केले आणि परत तिथंच ठेवले.

“पयलं बाळंतपण म्हायेरला असतंय,” अंबूबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष पाळण्याकडे गेलं. “मी कांड्याची सुट्टी घेटली हाय दोन म्हैन्याची. मालकाला सांगून ठेवलंय.”

“मी कुठं नको म्हणते? तुम्हीच ठरवा. उद्या तिचं काही झालं, तर निकमांनी केलं असं म्हणू नका म्हणजे झालं.”

अंबूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. त्याची बटणं अजून चुकलेलीच होती. तो भिंतीकडे बघत होता, त्या थरथरणाऱ्या भिंतीकडे, जणू तिथून कुणी काही सांगणार होतं.

“बरं,” बाळासो म्हणाले. “तुमच्याकडंच करा.”

“असं नको. ती म्हणेल, आई जाऊन भांडून आली. तुम्हीच तिला सांगा फोनवर. आत्ता सांगा, मी आहे तोवर. म्हणावं, आईची कंबर धरलीय, इथं कोण करणार.”

फोन बाळासोंनी लावला आणि बोलायला अंबूबाईंकडे दिला. त्या उभ्या राहून बोलल्या, पाठ करून. कंबरेचं सांगितलं, मागांच्या आवाजाचं सांगितलं, तान्ह्याला झोप लागणार नाही म्हणाल्या. पलीकडून स्नेहल काहीतरी विचारत राहिली. “न्हाय गं, कोण काय म्हणत न्हाय. आमचं आमालाच वाटलं,” असं त्या दोनदा म्हणाल्या आणि फोन ठेवून मोरीत गेल्या. तांब्याचा आवाज आला, पाण्याचा आला, आणि मग बराच वेळ कुठलाच आला नाही.

मधुवंतीबाई उठल्या. अंबूबाईंनी बाहेर येऊन त्यांना कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. डोळे धुतलेले होते.

“डिंक-अळीव आणून ठेवलेलं दिसतंय,” बाई म्हणाल्या. “इथं राहून काय, किडे पडतील. द्या माझ्याकडं, लाडू मी करीन.”

पेढ्यांची पिशवी रिकामी झालीच होती. त्यात पुड्या बसल्या. बाळासोंनी लाल फितीचा डबाही आणून पुढे केला. “ह्ये तुमचं.” बाईंनी तोही घेतला. पुठ्ठा चांगला जाड होता.

\*

घरी पोहोचल्या तेव्हा चार वाजत आले होते. मोहित कामाला होता त्या गाड्यांच्या एजन्सीला सुट्टी होती, म्हणून तो घरातच होता. जिन्यात आईची चाहूल लागल्यावर तो दोन पायऱ्या खाली आला आणि त्यानं पिशवी घेतली.

“काय म्हणाले?” त्यानं हळू विचारलं.

“सगळं म्हणाले.”

मोहितनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “साहेब समोर बसलेले, आई. नव्या शोरूमचं बोलणं चाललेलं. त्यात ती हॉटेलातली पोरगी फोनवर विचारतेय, तुमचे सासरे वापरलेलं व्हाऊचर घेऊन आलेत का म्हणून. मी काय सांगणार होतो?” तो थांबला. “स्नेहलला सांगू नको.”

“मी का सांगीन?” बाई म्हणाल्या. “तू माझ्या शब्दाबाहेर गेलायस का कधी?”

तो पिशवी घेऊन त्यांच्या मागून वर आला.

स्नेहल बाहेरच्या खोलीत दिवाणावर बसली होती. फोन मांडीवर होता. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज तोच, गोळ्या समजावून सांगण्याचा.

“आईचा फोन आलेला,” ती म्हणाली. “काय बोललात तुम्ही तिथं?”

“तुझ्या वडिलांनी माझी माफी मागितली,” मधुवंतीबाई चपला काढता काढता म्हणाल्या. “मी म्हटलं, असू दे.”

“आईची कंबर परवापर्यंत चांगली होती. पाळणा धुतला म्हणून सांगत होती मला.”

“मग तिलाच विचार परत. फोन आहे की हातात.”

“विचारलं. चारदा विचारलं. तेच सांगते.” स्नेहलनं मोहितकडे बघितलं. “मोहित, तू बोल ना अप्पांशी एकदा. तुझं ऐकतील. मला जायचंय.”

मोहित पिशवीतल्या पुड्या टेबलावर काढून ठेवत होता. डिंक, खारीक, अळीव. एकेक पुडी त्यानं कडेला कड लावून नीट मांडली. पुड्यांवरचं बाळबोध अक्षर सोनमचं होतं. स्नेहलनं ते ओळखलं आणि तिचा चेहरा बदलला.

“मोहित,” मधुवंतीबाई म्हणाल्या, “तुला काही बोलायचंय का कबनूरला? असलं तर बोल बाबा. सगळ्यांसमोर बोल.”

अण्णांनी पेपर खाली केला. मोहितनं शेवटची पुडी रांगेत सरकवली.

“नाही,” तो म्हणाला. “ते म्हणतात तर बरोबरच असेल.”

स्नेहल त्याच्याकडे बघत राहिली. तो टेबलाकडे बघत राहिला. मधुवंतीबाईंनी पंखा लावला, पदरानं मान पुसली आणि खुर्ची ओढून बसल्या.

“बाळंतपण इथंच होणार,” त्या म्हणाल्या. “उद्या दवाखान्यात नाव घालून येऊ.”